खलनायिकेची बाजू कोण मांडते?

चार्ल्स पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निद्रिस्त राजकन्येच्या कथेत शाप देणारी परी म्हातारी आहे. पन्नासहून अधिक वर्षे ती आपल्या मनोऱ्याबाहेर पडलेली नसल्यामुळे ती मेली असावी किंवा मंत्राने बांधली गेली असावी असे लोकांनी गृहीत धरलेले असते आणि म्हणून बारशाचे निमंत्रण तिला जात नाही. विस्मरणात गेलेल्या वृद्धेचा हा अपमान म्हणजे शापामागचे पुरेसे कारण आहे, असे पेरोला वाटले. डिस्नेच्या १९५९ सालच्या चित्रपटात या परीला मॅलेफिसंट हे नाव आणि शिंगांचा भव्य शिरपेच मिळाला. मात्र निमंत्रण न मिळाल्याचा राग सोडला, तर तिला पूर्वायुष्य असे काही मिळालेच नाही.

रॉबर्ट स्ट्रॉमबर्ग यांनी दिग्दर्शित केलेला आणि लिंडा वुलव्हर्टन यांनी लिहिलेला ‘मॅलेफिसंट’ (२०१४) ही पोकळी भरून काढतो. परीच्या बालपणीचा सोबती स्टीफन राजपदाच्या लोभाने तिला गुंगीचे औषध देतो, आणि तिला ठार मारण्याचे धैर्य न झाल्यामुळे ती झोपेत असताना तिचे पंख कापून नेतो. हा प्रसंग बलात्काराचे रूपक म्हणून जाणीवपूर्वक रचला होता, असे मुख्य भूमिका करणाऱ्या अँजेलिना जोली यांनी जाहीरपणे सांगितले आहे, आणि जाग आल्यावर परीने केलेला आक्रोश ऐकताना त्याविषयी शंका उरत नाही. तरीही या बदलाची किंमत आहे. एवढी मोठी जखम दाखवली की प्रेक्षक शापाचे कृत्य विसरून केवळ त्याच्या कारणाकडे पाहू लागतो. वास्तविक स्टीफनच्या ज्या तान्ह्या मुलीला, अरोराला, शाप मिळाला, तिने कोणाचेही पंख कापलेले नव्हते.

चित्रपटाचे खरे बळ असे की, हे सत्य तो दडपत नाही. अरोराच्या सहवासात मन पालटल्यावर मॅलेफिसंट निजलेल्या मुलीजवळ जाऊन शाप मागे घेण्याचा जिवापाड प्रयत्न करते, पण खऱ्या प्रेमाच्या चुंबनाखेरीज कोणत्याही शक्तीला तो मोडता येणार नाही असे तिनेच शापात गोवून ठेवलेले असल्यामुळे तिची सारी विद्या व्यर्थ ठरते. पश्चात्ताप झाला म्हणून केलेले कृत्य पुसले जात नाही, ही गोष्ट येथे उपदेशाविना कथानकाच्या रचनेतूनच कळते. राजपुत्राच्या चुंबनाने न उघडलेले डोळे पुढे मॅलेफिसंटने क्षमेची आशाही न धरता कपाळावर टेकवलेल्या ओठांनी उघडतात, याचे मोलही त्या अपयशामुळेच वाढते.

याहून सूक्ष्म कलात्मक निर्णय निवेदकाविषयीचा, म्हणजे कथा सांगणाऱ्या आवाजाविषयीचा आहे. हा आवाज अरोराचा, असे शेवटी उघड होते. ज्या चित्रपटाला खलनायिकेच्या दृष्टिकोनातून सांगितलेली कथा म्हटले जाते, ती वस्तुतः तिच्या बळीने सांगितलेली कथा आहे, आणि या निवडीमुळे चित्रपट नैतिकदृष्ट्या सावरतो, कारण दुष्कृत्य करणाऱ्याने स्वतःच्या जखमा मोजून दाखवणे वेगळे आणि ज्याने ते सोसले त्याने त्या जखमांची साक्ष देणे वेगळे. क्षमेचा अधिकार दुसऱ्यालाच असतो.

याच कसोटीवर स्टीफनच्या बाबतीत मात्र चित्रपट तोकडा पडतो. अनाथ, दरिद्री मुलगा, स्वतःच्या अपराधाने पोखरला गेलेला आणि कापलेल्या पंखांशी बोलत बसणारा राजा: इतकी सामग्री हाताशी असूनही पटकथा त्याला उन्मादाच्या एकाच सुरात अडकवते आणि १९५९ मध्ये मॅलेफिसंटवर जो अन्याय झाला तोच त्याच्यावर करते. तो कोसळून मरतो आणि दृश्य लगेच अरोराच्या राज्याभिषेकाकडे वळते. शाप देणाऱ्या परीसाठी इतके शब्द खर्चणारी निवेदिका आपल्या पित्याच्या मृत्यूविषयी एक वाक्यही बोलत नाही.