नसलेल्या यानाशी इमान

काही वर्षांपूर्वी परदेशात स्थायिक झालेल्या आमच्या भाच्याकडे आम्ही मुक्कामाला होतो. त्याच्या घराच्या तळघरात एका लांबरुंद मेजावर करड्या रंगाच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे एक अर्धवट अंतराळयान उभे होते. ठोकळे लेगोचे, म्हणजे आपण लहान मुलांच्या हाती देतो तेच. रचणारा मात्र चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. यान होते 'स्टार वॉर्स' या चित्रपटमालिकेतील 'मिलेनियम फाल्कन'. त्याच्या पुढच्या बाजूस जे दोन सुळके आहेत ते त्याने तिसऱ्यांदा उतरवून ठेवले होते. कारण विचारता तो म्हणाला, "मामा, कोन चुकतोय. थोडासाच, पण चुकतोय."

आम्हांला हसू आले. चुकतो म्हणजे कशाशी ताडून पाहता चुकतो? जे यान कधी कुठल्या आकाशात उडाले नाही, जे कुणा माणसाने प्रत्यक्षात चालवले नाही, त्याची नक्कल 'चुकीची' कशी असेल? आणि असली, तरी त्या चुकीपायी प्रौढ माणसाने आपल्या आयुष्याच्या रात्री खर्ची घालाव्यात काय? प्रश्न गमतीचा वाटतो खरा. परंतु त्याच्या मागोमाग चालू लागलो तेव्हा तो आम्हांला भलत्याच ठिकाणी घेऊन गेला. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम या छंदाची थोडी ओळख करून द्यायला हवी. डेन्मार्कमधील बिलुंड या खेडेवजा गावी ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला आरंभ केला. 'चांगले खेळा' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याने आपल्या उद्योगाला लेगो हे नाव दिले. १९४९ मध्ये तेथे प्लास्टिकचे ठोकळे तयार होऊ लागले आणि १९५८ साली आजच्या ठोकळ्याच्या रचनेचे पेटंट घेण्यात आले: वर गोल उंचवटे आणि आत पोकळ नळ्या. त्या साली बनलेला ठोकळा आज बनलेल्या ठोकळ्यात घट्ट बसतो. दोन उंचवट्यांमधील अंतर आठ मिलिमीटर, चपट्या तुकड्याची जाडी तीन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. असे पाच चपटे तुकडे एकावर एक ठेवले की सोळा मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर दोन उंचवट्यांचे अंतर. या साध्या गणिताच्या आधारावर ठोकळे आडवे, उलटे, कुशीवर बसवता येतात आणि चौकोनी तुकड्यांतून गोलाई उभी राहते.

१९९९ पासून लेगो कंपनी स्वतःच 'स्टार वॉर्स'चे संच विकू लागली. २००७ साली तिने ५,१९५ तुकड्यांचे मोठे फाल्कन काढले, २०१७ साली ७,५४१ तुकड्यांचे. परंतु खऱ्या छांदिष्टांचे तेवढ्याने समाधान होत नाही. ते चित्रपटातील एकेक दृश्य थांबवून पाहतात, मूळ नमुन्यांची छायाचित्रे मिळवतात, प्रमाण ठरवतात आणि आपापली याने स्वतः योजतात. त्यांच्यातील कट्टर मंडळींचे नियम एखाद्या मठाला शोभावेत असे: तुकडा कापायचा नाही, रंगवायचा नाही, गोंद लावायचा नाही. जे उपलब्ध आहे त्यातूनच साधायचे. जेम्स जेसिमन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये असे ठोकळे संगणकावर रचून पाहण्यासाठी 'एलड्रॉ' ही प्रणाली लिहिली आणि ती सर्वांना मोफत दिली. १९९७ मध्ये तो ऐन तारुण्यात वारला. त्याने आरंभलेला तुकड्यांचा संग्रह जगभरच्या स्वयंसेवकांनी पुढे वाढवत नेला. ज्यांनी त्याला कधी पाहिले नाही अशांनी त्याचे काम असे आपले मानावे, यातच या खेळात खेळापलीकडचे काही असावे अशी शंका येते.

आता पहिला आक्षेप: हा वेळेचा अपव्यय नव्हे काय? आपल्या घरांत हा आक्षेप चटकन तोंडावर येतो. कष्टाळू माणसांना खेळाचा संशय वाटतो. पण तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या महाग्रंथात या प्रश्नाची दखल घेतली आहे. शरीराला जशी विश्रांती लागते तशी मनालाही लागते. म्हणून खेळात सद्गुण असू शकतो, अतिरेक हा दोष आहे, आणि ज्याला खेळणे मुळीच खपत नाही त्याच्यातही दोष आहे, असा त्यांचा विचार. तेव्हा खेळाला जागा आहे. मात्र भाच्याचे काम विश्रांतीच्या पलीकडे गेलेले आम्हांला दिसत होते. विश्रांती घेणारा माणूस एकच भाग तीनदा उतरवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या यानांपैकी पुष्कळशी युद्धयाने आहेत. २००८ मध्ये ३,८०३ तुकड्यांचा 'डेथ स्टार' बाजारात आला. चित्रपटात हे यंत्र एक अख्खा ग्रह क्षणात नष्ट करते. उलट, २०२० साली याच कंपनीने खऱ्या लष्करी विमानाच्या धर्तीवरचा एक संच, जर्मनीतील शांततावाद्यांनी हरकत घेताच, विक्रीस येण्यापूर्वी मागे घेतला. खऱ्या शस्त्राला मनाई आणि काल्पनिक शस्त्राला मुभा, ही विसंगती आम्हांला खटकते. पण गोठ्याच्या देखाव्यात हेरोदाचा वाडा करणारा मुलगा हेरोदाचा भक्त होत नाही, हेही तितकेच खरे. एखाद्या गोष्टीची प्रतिकृती करणे म्हणजे तिला संमती देणे नव्हे. तिच्याकडे बारकाईने पाहणे मात्र नक्कीच. एवढे म्हणून आम्ही मूळ प्रश्नाकडे वळतो.

नसलेल्या वस्तूची नक्कल चुकू शकते काय? आमचे उत्तर: हो, चुकू शकते. कुणी म्हणाले की 'नटसम्राट' नाटकातील गणपतराव बेलवलकर हे वकील होते, तर आपण त्याला तात्काळ थांबवू. बेलवलकर कधी जगले नाहीत. तरीही त्यांच्याविषयी खरे आणि खोटे बोलता येते. कल्पनेतून जन्मलेली वस्तू एकदा सर्वांसमोर मांडली गेली की ती कुणा एकाच्या लहरीची राहत नाही.

परंतु फाल्कनच्या बाबतीत गुंता पुढेच आहे. १९७७ च्या चित्रपटासाठी त्याचा सुमारे पाच फुटी नमुना तयार झाला तेव्हा कारागिरांनी बाजारात मिळणारे रणगाडे, विमाने, मोटारी यांचे प्लास्टिकचे खेळण्यातले संच फोडले आणि त्यांचे तुकडे यानाच्या अंगावर चिकटवले. म्हणजे ज्या 'अस्सल' यानाची आज खेळण्यांतून नक्कल होते, ते अस्सल स्वतःच खेळण्यांच्या मोडतोडीतून घडले होते. पहिल्या चित्रपटात ते तीन पायांवर उभे राहते, १९८० च्या दुसऱ्यात पायांची संख्या पाच होते. त्यासाठी पुन्हा लहान आकाराचा वेगळा नमुना केला गेला. पडद्यावर दिसणाऱ्या आतल्या खोल्या बाहेरच्या आकारात मावतच नाहीत, हे मापे घेणाऱ्यांनी केव्हाच दाखवून दिले आहे. २०१७ च्या संचात कंपनीने वरच्या तबकड्या दोन दिल्या आहेत, जुन्या चित्रपटांतील गोल आणि २०१५ च्या चित्रपटातील आयताकृती. ज्याला जी हवी ती त्याने बसवावी.

मग इमान राखायचे ते कोणाशी? छांदिष्टांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले आहे ते आम्हांला फार प्रामाणिक वाटले. ते आधी सांगून टाकतात: हे १९७७ चे यान आहे, हे १९८० चे आहे. एकदा सांगितले की त्या शब्दाला बांधील राहतात. त्यांची अचूकता आधी दिलेल्या वचनावर उभी असते.

हे ध्यानात आले आणि दुसरे एक कोडे सुटले. 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेतील 'एंटरप्राइज' यानाचा अकरा फुटी नमुना १९७४ पासून अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेकडे आहे आणि २०१६ साली त्याची काळजीपूर्वक डागडुजी करून तो पुन्हा प्रदर्शनात ठेवण्यात आला. या नमुन्याची उजवी बाजूच चित्रीकरणासाठी सजवलेली होती. डाव्या बाजूने आतल्या दिव्यांच्या तारा बाहेर येत; तिकडे कॅमेरा वळतच नसे, म्हणून ती तशीच अपुरी राहिली. ही फसवणूक होती काय? याच्या शेजारी बिलुंडची एक गोष्ट ठेवून पाहू. लेगो कंपनीच सांगते की, ओले किर्कच्या मुलाने, गॉटफ्रेडने, एकदा लाकडी बदकांना तीनऐवजी दोनच हात वार्निश दिले आणि पैसे वाचवले म्हणून बापाला कौतुकाने सांगितले. बापाने त्याला तसेच रेल्वे स्टेशनवर पाठवले, रवाना झालेल्या पेट्या परत आणायला लावल्या आणि एकट्याने तिसरा हात द्यायला लावला.

दोन्हीकडे न दिसणारी गोष्ट अपुरी राहिली. एक आपल्याला दोषी वाटते, दुसरी वाटत नाही. असे का? भाच्याच्या यानाच्या पोटात आम्ही डोकावलो तेव्हा तेथे लाल, पिवळे, निळे, हाती लागले ते ठोकळे आधाराला रचलेले होते. आम्ही त्याला चिडवले, "अरे, तुझी ती अचूकता कुठे गेली?" तो शांतपणे म्हणाला, "आतला रंग मी कबूल केलेला नाही, मामा. आत मजबुती कबूल केली आहे." आम्ही निरुत्तर झालो. सजावटकाराने यानाची डावी बाजू कुणाला कबूल केली नव्हती. आपल्या गावातील नाताळच्या गोठ्याची पाठीमागची बाजू उघडीबोडकी असते, तीतही खोटेपणा नसतो. परंतु बदक विकत घेणाऱ्याला तीन हात वार्निश कबूल होते. न दिसणारे सगळेच परिपूर्ण असावे असा आग्रह माणसाला वेड लावील. जे कबूल केले आहे ते, कुणी पाहो न पाहो, पुरे असावे, एवढा आग्रह मात्र माणसाला माणूस ठेवतो.

येथे आम्हांला आमची स्वतःची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांच्या निधनानंतर त्यांच्यावर चार शब्द लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही लिहिले. जे ठाऊक होते ते लिहिले, आणि जे ठाऊक नव्हते तेही त्याच ठाम सुरात लिहिले. त्यांचा स्वभाव तापट होता तो गाळला. त्यांनी कधी न केलेला एक त्याग, केला असावा असे वाटून, घातला. लेख वाचून लोकांनी आमची पाठ थोपटली. महिनाभराने त्यांच्या पत्नी भेटल्या. "भाऊ, छान लिहिलंत," त्या म्हणाल्या, आणि थोडे थांबून पुढे, "पण ते कोण आहेत ते मला ओळखू आलं नाही."

ते वाक्य आम्ही अनेक वर्षे बाजूला सारले होते. भाच्याच्या तळघरात ते पुन्हा समोर येऊन उभे राहिले. चित्रपटात न दिसलेल्या यानाच्या भागांची त्याने एक यादी करून मेजाच्या कडेला चिकटवली होती. शीर्षक होते, 'येथे माझा अंदाज'. जे यान कधी नव्हते त्याच्याबाबत त्याने माहिती आणि अंदाज यांच्यामध्ये रेघ ओढली. जो माणूस आमच्या शेजारी सत्तर वर्षे जगला, त्याच्याबाबत आम्ही ती ओढली नाही. आम्ही कबूल केले होते त्यांचे शब्दचित्र; हाती दिला एक सुबक पुतळा.

वाचकहो, भाच्याचा छंद निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. यानावरील झरोके मोजणाऱ्या बापाला मुलगा कोणत्या यत्तेत आहे हे आठवू नये, असेही घडू शकते. मग ती अचूकता म्हणजे पळवाट ठरते. ठोकळे उलट उत्तर देत नाहीत, रुसत नाहीत, म्हातारे होत नाहीत. त्यांच्याशी इमान राखणे त्या मानाने सोपे. लग्नवेदीवर दिलेले वचन, आजारी आईला 'येतो' म्हणून दिलेला शब्द, मेलेल्या माणसाच्या खऱ्या चेहऱ्याचे आपल्यावर असलेले ऋण, ही कबुली फार अवघड. पण अवघड काम शिकण्यासाठी माणसाला सोप्या जागी हात बसवावा लागतो. नसलेल्या यानाचा कोन तीनदा उतरवून पाहणाऱ्याला निदान 'चुकले' म्हणण्याची सवय लागलेली असते.

परत आल्यावर आम्ही त्या माउलीकडे गेलो. त्यांना म्हटले, "ते कसे होते ते तुम्ही सांगा, आम्ही पुन्हा लिहितो." त्यांनी चहा ठेवला आणि सांगायला सुरुवात केली, ती त्यांच्या रागापासून.