अक्कांच्या गोळ्यांचा हिशेब

सुरतेच्या लिंबायत भागातल्या त्या गल्लीत घरात अहिराणी बोलतात, बाजारात गुजराती, आणि सरकारी कागद आला की मराठी शाळेत शिकलेलं कोणीतरी शोधतात. सुरत-भुसावळ रेल्वेनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथं आली, उधन्याला उतरली आणि मागावर उभी राहिली. जिभाऊही तसेच आले, पण मॅट्रिक झालेले असल्यानं रिंग रोडवरच्या एका ग्रे कापडाच्या पेढीवर मेहताजी म्हणून बसले. संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय त्यांनी कधी पेढी सोडली नाही. चार आणे कमी पडले तर स्वतःच्या खिशातून घालून जुळवणारे मेहताजी असतात. जिभाऊ मात्र ते चार आणे सापडेपर्यंत पान उलटत नसत.

पेढीवर पेन्शन नव्हती. वय ७१ झालं. २०२४च्या ऑक्टोबरात ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळायला लागलं, तेव्हा त्यांनीही आधार दाखवून ते काढलं. दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर वर्षाला ५ लाखांपर्यंतची सोय झाली. पण त्यांच्या पत्नी, अक्का, ६६ वर्षांच्या. हे कार्ड ज्याचं त्याच्या वयावर मिळतं, नवऱ्याचं बायकोला चालत नाही. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, थायरॉइड असं सगळं अंगावर वागवणाऱ्या अक्काच नेमक्या बाहेर राहिल्या.

म्हणून धाकट्या मुलानं खाजगी कंपनीची पॉलिसी घ्यायची ठरवलं. एजंट घरचाच होता, जिभाऊंचा भाचा. त्यानं मोबाइलवर फॉर्म भरला, ओटीपी विचारला आणि १० मिनिटांत काम उरकलं. हप्ता ४१,३०० रुपये. त्यात मूळ पॉलिसीचे ३१,९०० आणि ‘ओपीडी’ नावाच्या जोडणीचे ९,४००. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला होता, त्यामुळे आत्ताच घेतलेली बरी, असं भाच्याचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नव्हती.

“मामी, आता गोळ्यांचीसुद्धा काळजी नको,” तो म्हणाला. “औषधं कव्हर आहेत.”

भाचा लबाड नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. कंपनीनं दिलेलं रंगीत पत्रक त्यानं वाचलं होतं आणि त्यावर तसंच छापलेलं होतं. पत्रक विकण्यासाठी असतं आणि क्लेम पॉलिसीच्या अटींवर मिळतो, हा फरक त्याला कोणी शिकवलाच नव्हता.

दिवाळीनंतर जिभाऊ जुन्या पेढीवर गेले. शेठचे थोरले भाऊ न्यू जर्सीहून आले होते आणि गादीवर लॅपटॉप उघडून बसले होते. अमेरिकेत म्हाताऱ्यांच्या मेडिकेअरमध्ये २००६पासून बाहेरच्या औषधांसाठी वेगळी विमा योजना आहे. ती खाजगी कंपन्या विकतात आणि दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या मुदतीत ती बदलता येते. थोरले शेठ तेच करत होते. प्रत्येक कंपनीची स्वतःची औषधांची यादी असते, यादीत पायऱ्या असतात, आणि एका कंपनीच्या खालच्या पायरीवर स्वस्त असलेली गोळी दुसऱ्या कंपनीकडे महागात पडू शकते, हे त्यांनी समजावून सांगितलं.

“मग कोणती चांगली, हे ठरवायचं कसं?” जिभाऊंनी विचारलं.

“मेहताजी, मी हप्ता आधी बघतच नाही. आपल्या गोळ्या, किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, हे सगळं इथं भरतो. मग संगणक सांगतो की या योजनेत वर्षभरात तुमचे एवढे जातील. हप्ता आणि खिशातले, दोन्ही मिळून. माझ्या सख्ख्या शेजाऱ्याला जी योजना उत्तम, ती मला खड्ड्यात घालते, कारण त्याच्या गोळ्या वेगळ्या.”

जिभाऊंना हे मनापासून पटलं. त्यांच्याकडे असा संगणक नव्हता, पण पेन्सिल होती.

घरी येऊन त्यांनी अक्कांचा प्लॅस्टिकचा डबा पुढ्यात घेतला. एका बाजूला डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुसऱ्या बाजूला गल्लीतल्या मेडिकलची वर्षभराची बिलं. चिठ्ठीप्रमाणे महिन्याचा खर्च २,१५० रुपये, म्हणजे वर्षाचे २५,८००. बिलांची बेरीज मात्र १८,३००. साडेसात हजारांचा फरक. त्यांना वाटलं, काही बिलं हरवली असतील. पण महिन्यांची साखळी पूर्ण होती. मग ते स्ट्रिपा मोजायला लागले. साखरेची गोळी दिवसातून दोनदा, म्हणजे महिन्याला दहाच्या सहा स्ट्रिपा हव्यात. प्रत्येक बिलात चारच. रक्तदाबाच्या तीन हव्यात, तर दोन.

“मेडिकलवाला कमी देतो का गं?”

अक्का पोळ्या लाटत होत्या. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

“तो कशाला कमी देईल? मीच कमी मागते.”

“म्हणजे?”

“बरं वाटत असलं की रात्रीची सोडते. बीपीची एक दिवसाआड घेते. धाकट्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, नातीची फी आहे. चक्कर येत नाही तोवर चालतंय.”

रोजमेळात चार आणे सोडून न देणाऱ्या माणसाच्या घरात ही तूट दोन वर्षं चालू होती आणि त्याला पत्ता नव्हता. जिभाऊ रागावले नाहीत. बिलावर बिल ठेवत राहिले, आणि मग इतकंच म्हणाले की उद्यापासून चिठ्ठीवर आहे तसंच घ्यायचं, पैशाचं मी बघतो.

इथं मला थांबावंसं वाटतं, कारण या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं. देशाच्या आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोक स्वतःच्या खिशातून भरतात, असं २०२१-२२चे सरकारी आरोग्य लेखे सांगतात. पण अक्कांनी न घेतलेली गोळी त्या टक्क्यांत येत नाही. ती कोणत्याच बिलात येत नाही. रक्तदाबाची गोळी सुटत राहिली तर काही जाणवत नाही, आणि त्यानं काय होऊन बसलं हे एखाद दिवशी पक्षाघातानं कळतं. म्हणून म्हाताऱ्या माणसासाठी पॉलिसी तोलताना नुसती बिलं पुरत नाहीत. चिठ्ठी हवी, आणि ती गोळी ज्याच्या पोटात जायची त्याला समोर बसवून विचारायला हवं. मुलगा, भाचा आणि नवरा अशा तिघांनी मिळून अक्कांसाठी विमा घेतला होता, आणि तिघांपैकी एकानंही अक्कांना काही विचारलं नव्हतं.

पॉलिसीचा जाड कागद आठवड्यानं पोस्टानं आला. पहिल्याच पानांत ग्राहक माहितीपत्रक होतं. २०२४पासून ते साध्या भाषेत देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. जिभाऊंनी चष्मा पुसून ते आधी वाचलं, मग मागच्या अटी वाचल्या. ओपीडीची वर्षाची मर्यादा १२,००० रुपये. त्यात औषधांना फक्त ५,०००. प्रत्येक बिलातले २० टक्के आपले, म्हणजे औषधांचे हातात पडणार जास्तीत जास्त ४,०००. औषधं कंपनीनं नेमलेल्या दुकानातूनच घ्यायची. आणि खाली आणखी एक ओळ होती की आधीपासूनच्या आजारांवरचा ओपीडी खर्च तीन वर्षं मिळणार नाही.

त्यांनी चिठ्ठीवरची औषधं एकेक करून खोडायला सुरुवात केली. साखरेची जुनी, गेली. रक्तदाबाची जुनी, कोलेस्टेरॉलची जुनी, थायरॉइडची तर सगळ्यात जुनी. उरली कॅल्शियमची गोळी. महिन्याचे १८०, वर्षाचे २,१६०, त्यातून २० टक्के वजा, म्हणजे १,७२८ रुपये. त्यासाठी वर्षाला ९,४०० भरायचे.

मग त्यांनी सोबत जोडलेली फॉर्मची प्रत उलटली. ‘मधुमेह आहे का?’ या प्रश्नासमोर ‘नाही’. ‘रक्तदाब?’ ‘नाही’. ‘नियमित औषधे?’ ‘नाही’.

भाच्याला बोलावणं गेलं. तो आला, चहा घेतला, कागद बघितला आणि हसला. “मामा, सगळेच असं लिहितात. खरं लिहिलं तर हप्ता वाढतो, कधी कधी पॉलिसीच देत नाहीत. आणि पाच वर्षं झाली की जुनं लपवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही. नियमच आहे तो.”

“नियम मीही वाचला. सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळली आहे. आणि ती पाच वर्षं होईपर्यंत मामीनं आजारी पडायचं नाही, हे तिला सांगितलंस का?”

“नाकारलाच क्लेम तर अहमदाबादला विमा लोकपाल आहेत. पैसे लागत नाहीत तिथं.”

“लोकपाल हाच कागद समोर ठेवून वाचणार ना?” जिभाऊंनी चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली. “बरं, मला एक समजावून सांग. तू म्हणतोस गोळ्यांचे पैसे कंपनी देईल. म्हणजे दर महिन्याला बिल पाठवायचं. बिलावर मधुमेहाची गोळी, रक्तदाबाची गोळी, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आणि त्याच कंपनीच्या फॉर्मवर आपण लिहिलंय की बाईंना मधुमेह नाही.”

भाचा गप्प झाला. हे त्याच्या खरोखर लक्षात आलं नव्हतं. औषधांचं कव्हर विकताना आजार लपवायचा, म्हणजे ज्या दिवशी ते कव्हर वापरू त्याच दिवशी उघडं पडायचं. तोवर तो ज्या ज्या घरी गेला होता, त्यातलं कोणी पहिलं बिल पाठवण्यापर्यंत पोचलं नव्हतं, इतकंच.

“ही पॉलिसी परत केली तर तुझं कमिशन जाईल का?” जिभाऊंनी विचारलं. ते जाणार होतं, आणि त्यांना त्याची खंतही होती. बहिणीचा मुलगा, लग्न ठरत आलेलं. पण पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण न सांगता परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा आणि स्टँप ड्यूटीसारखा किरकोळ खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. अजून १९ दिवस बाकी होते. त्यांनी भाच्याच्याच हातून परतीचा अर्ज लिहून घेतला.

त्यानंतरचे काही दिवस धावपळीचे होते. अक्कांना घेऊन ते डॉक्टरांकडे गेले आणि जनऔषधी केंद्रातून औषधं घेतली तर चालतील का, हे विचारलं. या केंद्रांतली औषधं नावाजलेल्या ब्रँडपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त असतात, असं सरकार सांगतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधांची मूळ नावं लिहून दिली, पण थायरॉइडची गोळी आहे त्याच कंपनीची ठेवायला सांगितली, कारण कंपनी बदलली की मात्रा पुन्हा तपासून घ्यावी लागते. बाकीच्या बदलल्या. महिन्याचं बिल २,१५०वरून हजाराच्या आत आलं, आणि तेही दोन्ही वेळची गोळी पूर्ण धरून.

दवाखान्याच्या विम्यात औषधांचे पैसे मिळतात, पण ते वेगळ्या जागी असतात, हेही त्यांना अटी वाचताना सापडलं. दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस, त्याच आजाराची औषधं आणि तपासण्या बहुतेक पॉलिसींत धरतात. काहींत हे दिवस जास्त असतात. आयुष्मानमध्ये आधीचे ३ आणि नंतरचे १५. मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची अँजिओप्लास्टी होऊन सहा आठवडे झाले होते. जिभाऊंनी त्यांच्या सुनेकडून मेडिकलची बिलं, चिठ्ठ्या आणि डिस्चार्जचा कागद एकत्र लावून घेतला आणि मुदतीच्या आत पाठवायला लावला. कॅशलेस झालं म्हणजे सगळं संपलं, असंच त्या घराला वाटत होतं.

नवी पॉलिसी भाच्याकडूनच घ्यायची ठरली. यावेळी ओपीडीची जोडणी नाही. सगळे आजार लिहायचे ठरल्यामुळे कंपनीनं हप्ता वाढवून ३६,५०० सांगितला, आणि जुन्या आजारांना तीन वर्षं थांबावं लागेल हेही सांगितलं. २०२४मध्ये ही मुदत चारावरून तीन वर्षांवर आली आहे, त्याहून जास्त कोणी लावू शकत नाही. तरी पहिल्या पॉलिसीपेक्षा ४,८०० वाचत होते. ते गोळ्यांसाठी बाजूला ठेवायचे, असं धाकट्यानं स्वतःहून म्हटलं. त्याला आईच्या सुटलेल्या गोळ्यांचं कळलं होतं, आणि त्या दिवसापासून संध्याकाळी कामावरून आला की तो आधी डबा उघडून बघत असे.

तीन वर्षांचा धोका उरलाच होता. या काळात मधुमेहामुळे दाखल व्हावं लागलं तर सिव्हिल किंवा स्मीमेर ही सुरतेतली सार्वजनिक रुग्णालयं, आणि थोडे पैसे पोस्टात, एवढंच त्यांच्या हातात होतं. जिभाऊंनी ते कोणापासून लपवलं नाही. अक्कांनाही सांगितलं.

फॉर्म भरायला भाचा रविवारी आला. यावेळी मोबाइल जिभाऊंच्या हातात नव्हता, मुलाच्याही नव्हता. कागदी फॉर्म मागवला होता आणि खुर्चीवर अक्का बसल्या होत्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. भाचा एकेक प्रश्न मराठीत सांगत गेला आणि त्या सांगतील तसं लिहीत गेला. उंची, वजन, ऑपरेशन, डोळ्यांचा मोतीबिंदू.

“मामी, मधुमेह किती वर्षांपासून?”

“नऊ,” जिभाऊ म्हणाले. भाच्यानं ९ लिहिलं.

“अकरा,” अक्का म्हणाल्या. “पहिली दोन वर्षं मी घरात सांगितलंच नव्हतं.”

जिभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. भाच्यानं ९वर रेघ मारून बाजूला ११ लिहिलं, आणि खोडलेल्या जागी सही करण्यासाठी पेन मामीच्या हातात दिलं.