पोडावरची पहिली भाषा

महाराष्ट्र सरकारच्या 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची केली. 17 जूनच्या सुधारित आदेशात ती ‘सर्वसाधारणपणे’ शिकवायची झाली आणि 29 जूनला दोन्ही आदेश मागे घेतले गेले. कोवळ्या वयाच्या मुलावर भाषांचे ओझे टाकू नका, आधी त्याला स्वतःच्या भाषेत नीट वाचू-लिहू द्या, हा विरोधकांचा मुद्दा होता. मला तो पूर्णपणे मान्य आहे. मान्य आहे म्हणूनच यवतमाळ जिल्ह्यात तो शेवटपर्यंत नेला पाहिजे असे वाटते.

झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातली, गोंडी-तेलुगूची नातलग. पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडे बंजारा समाजाच्या तांड्या-तांड्यांवर गोरमाटी, म्हणजेच बंजारा किंवा लमाणी, बोलली जाते. पोडावरचे तीन-चार वर्षांचे मूल अंगणवाडीत येते, तेव्हा ताई त्याच्याशी मराठीत बोलते. ताई मायाळू असते, खाऊ देते, गाणी म्हणते. पण गाण्यातला कावळा, चिमणी, पाऊस या मुलाने घरी वेगळ्याच नावांनी ओळखलेले असतात. ते गप्प बसते. पुढे पहिलीत त्या गप्प बसण्याला ‘अभ्यासात कच्चा’ असे नाव मिळते. या मुलासाठी मराठीच दुसरी भाषा आहे. इंग्रजी तर 2000 पासून पहिलीत आहेच. म्हणजे मुंबईत जिच्यावरून रान पेटले, ती तिसरी भाषा पोडावर चौथी ठरली असती. त्या सगळ्या गदारोळात पहिली कोणती, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

मोजदादीतही ही मुले हरवतात. 2011 च्या जनगणनेत कोलामी स्वतंत्र मोजली गेली. देशभरात तिचे भाषक सव्वा लाखाहून थोडे अधिक भरले. बंजारा आणि लमाणी मात्र ‘हिंदी’ या मोठ्या गटाखाली मोजल्या गेल्या. लमाणी-लंबाडी सांगणारेच 32 लाखांवर होते. पुसदच्या तांड्यावर जी आजी नातवाशी गोरमाटीत बोलते, ती दिल्लीच्या कागदावर हिंदी भाषक आणि मुंबईच्या भाषणात मराठी माणूस. वसंतराव नाईकांसारखा अकरा वर्षांहून अधिक काळ राज्य चालवणारा मुख्यमंत्री याच जिल्ह्यातल्या गहुलीच्या तांड्यातून आला. त्यांच्या घरच्या भाषेने महाराष्ट्राची ओळख तसूभरही उणी झाली नाही. तांड्यावरच्या अंगणवाडीत ती बोलली गेल्याने आज उणी कशी होईल?

राष्ट्रीय एकात्मतेसाठी लहानपणापासूनच हिंदी हवी, असे म्हणणाऱ्यांनी शेजारचे वर्धा आठवावे. 1936 मध्ये तिथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1937 मध्ये, त्याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे असा ठराव झाला. दोन्हींमागे गांधीजी होते. देशाला जोडणारी भाषा हवी असे त्यांना मनापासून वाटत होते, पण त्यासाठी मुलाच्या तोंडची भाषा त्यांनी मागितली नाही. 1956 मध्ये घटनेत आलेले कलम 350अ हेच सांगते: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. ‘राज्याने’ यात महाराष्ट्रही येतो.

यावर पालकांकडूनच एक आक्षेप येतो आणि तो खोडून काढण्याआधी नीट ऐकायला हवा. कोलामी शिकून पोराला नोकरी कोण देणार? तालुक्याच्या गावी कॉन्व्हेंटच्या पिवळ्या गाड्या फिरतात, त्या आम्हालाही दिसतात. बाजारात, दवाखान्यात, तहसीलमध्ये मराठी लागते. ती न आल्याची लाज याच पालकांनी सोसलेली आहे. मुलाला मराठी यावी, हा त्यांचा हट्ट रास्तच आहे. पण मराठी लवकर यावी म्हणूनच सुरुवात घरच्या भाषेतून हवी. ओळखीच्या शब्दांवर मूल प्रश्न विचारू लागते, गोष्ट सांगू लागते. मग दुसरी भाषा त्याला पकडता येते. त्यासाठी मोठी पाठ्यपुस्तके लागत नाहीत. तीन ते सहा या वयात शिक्षण बहुतेक तोंडीच असते. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मातृभाषेचा आग्रह धरते, पण ‘शक्य असेल तिथे’ अशी पुस्ती जोडते. पोडावर हे शक्य करायला लागते ती फक्त पोडाची भाषा बोलणारी बाई.

जूनच्या आदेशात हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान 20 विद्यार्थी असण्याची अट होती. कितीतरी पोडांवर अख्ख्या शाळेचा पटच तेवढा भरत नाही आणि 20 च्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे घाटत आहे. शाळा पोडावरून उठली की कोलामी बोलणारे मूल मोठ्या गावच्या वर्गात एकटे पडणार. आदेश मागे घेताना नेमलेल्या डॉ. नरेंद्र जाधव समितीपुढे प्रश्न ठेवला गेला तो तिसरी भाषा कोणत्या इयत्तेपासून आणि कशी आणावी, याचा. मराठीच्या बाजूने रस्त्यावर उतरलेल्यांनी त्याच्या अलीकडची मागणी करावी: पोडावर आणि तांड्यावर अंगणवाडीची ताई नसली तरी मदतनीस तिथलीच असावी, तिच्या भाषेतली गाणी-गोष्टी रोजच्या वेळापत्रकात याव्यात आणि पहिली-दुसरीत मराठी त्या भाषेचा हात धरून यावी.