उभ्या पिकातलं हरीण कुणाचं?

मार्च २०२५ मध्ये शिरूर कासार तालुक्यातल्या हरणांच्या शिकारीच्या आरोपांनी बीड जिल्हा ढवळून निघाला. वनखात्याने वनजमिनीवरचं आरोपीचं घर पाडलं, आरोप-प्रत्यारोपांची राळ उडाली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. मला टोचत राहिलं ते वेगळंच. हरणाच्या टपोऱ्या डोळ्यांवर हळहळणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही, की हे हरीण रात्री चरतं कुणाच्या रानात? पुढे ऑक्टोबरात केरळच्या विधानसभेने वन्यजीव कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करणारं विधेयक मंजूर केलं आणि दुसरं टोक गाठलं गेलं: केरळला जमतं तर महाराष्ट्राला का नाही, द्या परवानगी, घालू द्या गोळी. या दोन्ही बाजूंशी माझं भांडण आहे.

आधी रानात चला. कापूस किंवा सोयाबीन दोन-चार पानांवर आलं की काळविटांचा कळप रात्री उतरतो आणि ओळीने शेंडे खुडत जातो. झाड मरत नाही, पण त्याची वाढ खुंटते. सकाळी बांधावर उभं राहिलं तर रान हिरवंच दिसतं. खाली वाकून एकेक रोप पाहिलं की कळतं, शेंडाच नाही. पंचनाम्याला वनरक्षक, कृषी सहायक, तलाठी एकत्र यायचे तोवर पाऊस पडून खुरांचे ठसे पुसलेले असतात. मग नुकसान किती टक्के लिहायचं? म्हणून लोक भरपाईच्या नादी न लागता दुबार पेरणी करतात, बांधाला जुन्या साड्या बांधतात, ऐपत असेल तर झटका मशीन बसवतात. आणि दिवाळीनंतर धडधाकट माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला गेली, की हरभरा-ज्वारीची राखण म्हाताऱ्यांवर येते. थंडीतल्या रात्री सत्तरीतल्या माणसाने डबा वाजवत बसायचं, याला आपण सहजीवन म्हणतो.

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ असं सांगतं, की पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोका ठरला, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत मालमत्तेच्या नुकसानीचंही कारण चालतं, आणि त्यात 'उभं पीक' स्पष्टपणे येतं. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, दुसऱ्या अनुसूचीत आहेत. काळवीट आणि चिंकारा पहिल्या. म्हणजे रोह्याने ज्वारी खाल्ली तर कायद्याला दिसते, काळविटाने खाल्ली तर दिसत नाही.

त्याहून बोचरं आहे ते कलम ३९. बेकायदा मारलेला, बंदिस्त ठेवलेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता असतो. जिवंत, मोकळा, तुरीत चरणारा प्राणी या यादीत नाही. हरीण विहिरीत पडून मेलं की ते सरकारचं; रात्रभर माझं रान खाऊन पहाटे माळावर परतलं की कुणाचंच नाही. ते सरकारचं नाही, म्हणून त्याने केलेल्या नुकसानीची जबाबदारी हा कायदा सरकारवर टाकत नाही. भरपाईची रक्कम आणि अटी सरकारच ठरवतं. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे, आणि बंदूकवाले काय किंवा डोळेवाले काय, कुणीही तिकडे वळत नाही.

लोकप्रतिनिधींना संधी मिळाली होती. डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आलेलं दुरुस्ती विधेयक जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय स्थायी समितीकडे गेलं. समितीने मनापासून काम केलं. अनुसूचींतल्या चुका आणि वगळलेल्या प्रजाती दाखवून दिल्या. सहाच्या चार अनुसूची झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेनेही मंजुरी दिली. पण चर्चेचा मोठा वाटा हत्तींनी खाल्ला: 'धार्मिक किंवा अन्य कोणत्याही' कारणासाठी हत्ती हलवता यावा की नाही? तो प्रश्न खरा होता; पुढे नांदणीच्या मठातली हत्तीण गुजरातला हलवली गेली, तेव्हा अख्ख्या कोल्हापूरला ते दिसलं. उभ्या पिकातल्या हरणाची जबाबदारी मात्र जिथे होती तिथेच राहिली.

या विषयावर सर्वांत स्वच्छ बोलले ते परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. घरात शिरलेल्या चोराविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतो, मग पीक लुटणाऱ्या रानडुकरासमोर शेतकऱ्याला हतबल का ठेवतो? १९७२ चा कायदा मोडीत काढा, असं म्हणण्यापर्यंत ते गेले. स्वीडनसारख्या देशांत परवान्याने शिकार होते आणि वन्यजीव संपत नाहीत, हा दाखला ते देत. त्यामागे त्यांची आयुष्यभराची श्रद्धा होती: निसर्गाचं व्यवस्थापन वनखात्याने नव्हे, ग्रामसभेने करावं. ज्यांनी लोकांच्या जैवविविधता नोंदवह्यांचा आग्रह धरला, त्यांच्या तोंडी हे बोल शोभतात. 'पर्यावरणवाद्यांना शेतकरी दिसत नाही' हा आरोप त्यांच्यावर कुणी करू शकणार नाही, आणि मी त्यांच्या बाजूने अनेकदा भांडलो आहे.

पण हा विचार बीडच्या माळावर आणून ठेवला की मी थबकतो. त्यांच्या मांडणीत बंदूक ग्रामसभेच्या हाती आहे. बीडमध्ये ती कुणाच्या हाती आहे? डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा हिशोब बाहेर आला: बाराशेहून अधिक परवाने. त्यानंतर शंभराहून अधिक रद्द करावे लागले. जिथे सरपंचच सुरक्षित नाही, तिथे ग्रामसभा कुणाला बंदूक द्यायची हे निर्भयपणे ठरवेल? परवाना निघेल तो ज्याच्या मागे पुढारी आहे त्याच्या नावाने, आणि पहिला गुन्हा दाखल होईल तो फासेपारध्यावर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का ज्याच्या माथ्यावरून कागदोपत्री पुसला, पण लोकांच्या मनातून पुसला नाही, त्याच्यावर. म्हणून काळविटापुरता तरी मी गोळीच्या विरोधात आहे. गाडगीळांचं निदान मला पटतं. त्यांचं औषध या जिल्ह्याला मानवणार नाही.

मग करायचं काय? स्कॉटलंडच्या संसदेतही हरणांच्या व्यवस्थापनाच्या विधेयकाची छाननी झाली. तिथे जिवंत हरीण कुणाच्याही मालकीचं नाही, पण मारण्याचा हक्क जमीनमालकाचा आहे, आणि हक्कासोबत संख्या आटोक्यात ठेवण्याची जबाबदारीही त्याच्याकडे मागितली जाते. त्यांनी लांडगा काही शतकांपूर्वीच संपवला, म्हणून त्यांना बंदूक लागते. दख्खनच्या माळांवर लांडगा अजून पुरता संपलेला नाही. संपत आलाय तो माळ. हरीण गवताळ रानाचं जनावर. गायरानं नांगरली गेली, डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या आल्या, तसं ते रानात उतरलं. शेजारच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. आपलं पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य साधारण तीस. मध्यप्रदेशाने ऑक्टोबर २०२५ मध्ये शाजापूर भागातून हेलिकॉप्टर आणि बोमा पद्धत वापरून ८४६ काळवीट शेतांतून हलवले, एकही गोळी न झाडता. बोमा म्हणजे नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं कुंपण. कळप हळूहळू त्यात लोटायचा आणि थेट गाडीत चढवायचा. हे आपल्यालाही जमेल, पण कळप सोडायला गवताचं रान शिल्लक हवं. म्हणून गायरान वाचवणं आणि पीक वाचवणं हे एकच काम आहे, असं मी मानतो.

आणि पैसा. २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पीक विम्यात घेण्याची घोषणा केंद्राने केली. अट, ७२ तासांत ॲपवर फोटोसह नोंद. ज्या जिल्ह्याने विमा कंपन्यांच्या नफ्याला चाप लावणारा 'बीड पॅटर्न' देशाला दिला, त्याने ही अट मुकाट्याने घेऊ नये. राखण करणाऱ्या म्हातारीकडे स्मार्टफोन नसतो, आणि खुडलेला शेंडा फोटोत दिसत नाही.

वन्यजीव हा समवर्ती सूचीतला विषय आहे. महाराष्ट्राचं विधिमंडळ राष्ट्रपतींच्या संमतीने दुरुस्ती करू शकतं, आणि मला हवी असलेली दुरुस्ती केरळपेक्षा वेगळी आहे: पहिल्या अनुसूचीतल्या जिवंत प्राण्याने केलेल्या पीकनुकसानीला शासन जबाबदार, भरपाई हक्काने, आणि कळप हलवण्याची मागणी करण्याचा अधिकार ग्रामसभेला. असं विधेयक आलं तर जनसुरक्षा विधेयकासाठी नेमली तशी संयुक्त चिकित्सा समिती नेमावी. तिने सुनावणी मुंबईत न घेता पाटोदा, शिरूर, आष्टीला घ्यावी, तीही दसऱ्याच्या आत. उशीर झालाच, तर पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या तळांवर, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांसमोर घ्यावी. तोवर या तालुक्यांतले निम्मे साक्षीदार तिथे पोचलेले असतील.