मधल्या पानावरची साक्ष

आजचं वाचन : विलापगीत ३:१९-२६



आजची वचनं आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहेत. देवाची दया रोज सकाळी नवी होते आणि त्याचा विश्वासूपणा थोर आहे, असं लेखक सांगतो. व्हॉट्सॲप स्टेटसवर ही वचनं नेहमी सूर्योदयाच्या फोटोवर असतात. पण लेखकाच्या डोळ्यांपुढे काय होतं? इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, लोकांना कैद करून नेलं. त्या राखेत बसून हे पुस्तक रडतंय.

पुस्तकाची रचना बघा. एकूण पाच अध्याय, आणि ही साक्ष तिसऱ्यात, म्हणजे बरोबर मधल्या अध्यायात येते. पुढे सगळं सुधारत गेलं का? नाही. चौथ्या अध्यायात पुन्हा उपासमार आहे, पाचव्यात पुन्हा अपमान आहे. शेवटच्या वचनात तर, देवाने आपल्याला कायमचं टाकलं की काय, हीच धास्ती आहे. लेखकाने संकट संपायची वाट पाहिली नाही. शहर पडलेलं असतानाच त्याने देवाला विश्वासू म्हटलं.

आपल्या संगतीत साक्षी कधी होतात? नोकरी लागली, व्हिसा आला, रिपोर्ट नॉर्मल निघाला की. आभार मानावेतच, त्यात काही चूक नाही. पण ज्याचा रिपोर्ट नॉर्मल आला नाही, त्याने मागच्या बाकावर गप्प बसायचं का?

हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. मी सावंगीत घरूनच काम करतो. बाबांना मागच्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. ते वाचले, पण उजवा हात अजून उठत नाही. लोक फोनवर विचारतात, "आता बरे आहेत ना?" मी "हो" म्हणतो, कारण पूर्ण उत्तर लांब आहे. आम्ही अजून मधल्या अध्यायातच आहोत.

या वचनात विश्वासूपणासाठी जो हिब्रू शब्द आहे, तो 'एमुना'. 'आमेन' त्याच धातूपासून येतो. निर्गम १७:१२ मध्ये हाच शब्द मोशेच्या हातांसाठी वापरलाय. अमालेकाशी लढाई चालली होती, मोशेचे हात थकून खाली येत होते. मग अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवले आणि सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहिले. ते 'स्थिर' म्हणजे एमुना. आई रोज सकाळी बाबांचा हात धरून वर उचलते, दहा वेळा, वीस वेळा, तेव्हा मला हे वचन आठवतं. देवाचा विश्वासूपणा असाच असतो. आपला हात लगेच बरा होईलच असं नाही, पण त्याची पकड सुटत नाही.

आपल्या मराठी मंडळीत याचं मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात फिरल्या. आपला वर्धा जिल्हा त्या वेळी याच प्रांतात होता. तिथून त्यांनी शेकडो उपाशी मुलींना केडगावला आणलं. स्वतः उपाशी राहिलेल्या माणसालाच ती भूक लांबून ओळखू येते.

मग त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हाती घेतलं. साध्या बाईलाही वाचता यावं अशी भाषा त्यांना हवी होती, म्हणून उतारवयाकडे जाताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. काम चालू असतानाच जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. जिच्या हाती सगळं सोपवायचं, तीच गेली. तरी रमाबाई पुन्हा प्रूफं घेऊन बसल्या. ते काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून आला तेव्हा तो बघायला त्या नव्हत्या. मनोरमा परत आली नाही, पण दुसऱ्या दिवसाचं पान तपासायला लागेल तेवढं बळ रोज मिळत गेलं.

रोज नवी दया म्हणजे हेच. वर्षभराचा साठा एकदम मिळत नाही, मान्न्यासारखं त्या दिवसापुरतंच मिळतं.

म्हणून आज एवढंच करा. तुमच्या आयुष्यातली जी गोष्ट अजून अर्धवट आहे, तिचं नाव घ्या. ती सुटायच्या आधीच, त्या गोष्टीत देवाने आजपर्यंत कसं धरून ठेवलं, ते एका माणसाला सांगा. आणि कोणी तुम्हाला आपलं अर्धवट दुःख सांगितलं, तर त्याला वचन पाठवून मोकळे होऊ नका. अहरोन आणि हूरसारखं थोडा वेळ त्याचा हात धरा.

प्रार्थना : हे प्रभू, आमचा शेवटचा अध्याय कसा असेल ते आम्हाला माहीत नाही, तुला माहीत आहे. आमचे हात थकलेत, तू ते धर. आजच्या दिवसापुरती दया दे, आणि उद्या पुन्हा मागायला ये म्हण. येशूच्या नावाने मागतो, आमेन.