'धोका हटवला' या शेऱ्यापुढचे काम

एखाद्या संस्थेवर सायबर हल्ला झाला की तिथे अँटीव्हायरस होता की नव्हता, एवढ्याच प्रश्नाभोवती चर्चा घुटमळत राहते आणि 'होता' असे उत्तर मिळाले की सारा दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारून ती संपते. ही चर्चा उथळ आहे, कारण संस्थेची खरी कसोटी धोका सापडल्यानंतर लागते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-चादरींच्या कारखान्यांची कार्यालये असोत, जिल्ह्यातील साखर कारखाने असोत वा नागरी सहकारी बँका, प्रत्येक संगणकावरील सुरक्षा-प्रणालीचे अहवाल जिथे एकत्र येतात त्या कन्सोलवर रोज काय केले जाते, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही.

कन्सोल धोकादायक फाइल आपोआप 'क्वारंटाइन' करते, म्हणजे ती चालू शकणार नाही अशा बंदिस्त जागी हलवते. मग माणसाने आणखी करायचे काय, असा एक युक्तिवाद केला जातो. स्वतंत्र तंत्रज्ञ ठेवणे ज्यांना परवडत नाही आणि ज्यांचा सारा कारभार बोलावल्यावर येणाऱ्या व्हेंडरच्या माणसावर चालतो, अशा संस्थांना तो पटावा हे स्वाभाविक आहे. तरीही तो चुकीचा आहे. लेखा विभागातील एकाच संगणकावर, एकाच फोल्डरमध्ये, तीच फाइल रोज सकाळी सापडते आणि तिच्यापुढे रोज 'हटवले' असा शेरा पडतो, तेव्हा प्रणाली आपले काम चोख करते आहे असा अर्थ लावला जातो. वास्तविक ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत लपलेली एखादी आज्ञा, किंवा जाळ्यातला दुसरा बाधित संगणक, ती फाइल पुन्हा आणून ठेवत असण्याची शक्यता त्यातून सूचित होते. शेरा खरा असतो आणि घुसखोरीही चालूच असते.

शिवाय हटवलेली फाइल तोवर काय घेऊन गेली, हे तो शेरा सांगत नाही. जून 2017 मध्ये न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प करणाऱ्या नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने विंडोजमधील त्रुटीचा फायदा घेतलाच, पण संगणकाच्या स्मृतीतून पासवर्डही चोरले, आणि म्हणूनच त्या त्रुटीवरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध असूनही ती बसवलेले संगणकसुद्धा त्याला बळी पडू शकले. चोरीला गेलेला पासवर्ड फाइल पुसल्याने परत येत नाही. तो बदलावाच लागतो. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे 94 कोटी रुपये गेले, तेव्हाही एटीएम-व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचला समांतर बनावट यंत्रणा उभी करून बँकेच्या मूळ प्रणालीला वळसा घातला गेला होता. अशा प्रकरणात एखादी फाइल सापडणे हे तपासाचे पहिले टोक असते.

याच स्वयंचलितपणावरील विश्वासातून उलट दिशेची चूकही घडते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची निरुपद्रवी फाइल प्रणालीने अडवली आणि बिले निघेनाशी झाली, की घाईघाईत ती फाइल असलेला अख्खा फोल्डर 'एक्सक्लूजन'मध्ये, म्हणजे तपासणीतून वगळलेल्यांच्या यादीत, टाकला जातो. खात्री करून घेतलेल्या त्या एका फाइलपुरती सूट पुरली असती. आता तिथे येणारी कोणतीही फाइल तपासणीविना राहते आणि कन्सोलवर धोक्यांची संख्या घटलेली दिसल्याने संचालक मंडळाचे समाधानही होते.

पेन ड्राइव्हवर बंदी घालून सारे सुटेल, हे म्हणणे गंभीरपणे घेण्याजोगे नाही. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आवश्यक आहे, पण ते येथील प्रश्नाचे उत्तर नव्हे.

प्रश्न फाइल हटवणे आणि शिरकाव संपवणे यांतील भेदाचा आहे. पहिले काम यंत्र करू शकते. दुसऱ्यासाठी फाइल कोणत्या वाटेने आली, कोणाच्या खात्यातून चालली, ते खाते आणखी कोणत्या संगणकांवर वापरले गेले आणि त्याचे पासवर्ड बदलले का, याची उत्तरे नाव घालून कोणीतरी लिहावी लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनी विहित प्रकारच्या घटना सहा तासांत कळवण्याचे आणि संगणक-प्रणालींच्या नोंदी 180 दिवस जपण्याचे बंधन घातले आहे. पण वेळीच वाचल्या न गेलेल्या नोंदी जपून शिरकाव थांबत नाही. व्हेंडरशी होणाऱ्या वार्षिक देखभाल करारात या चार उत्तरांची अट घालता येते आणि ती मिळेपर्यंत कन्सोलवरील नोंद 'निकाली' करण्याचा अधिकार व्हेंडरच्या माणसाकडे न देता संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याकडे ठेवता येतो.