मोरगावची हातकुऱ्हाड आणि दहावीचा धडा

बारामती तालुक्यातलं मोरगाव महाराष्ट्राला माहीत आहे ते मयूरेश्वरामुळे. अष्टविनायकाची यात्रा इथून सुरू होते. त्याच मोरगावला कऱ्हेच्या काठी दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत आणि ज्वालामुखीच्या राखेचा थरही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या जागेचा अभ्यास केला आहे. राख नेमकी केव्हाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. हत्यारं मात्र अश्यूलियन घडणीची आहेत, म्हणजे लाखो वर्षांच्या जुन्या परंपरेतली. आपली होमो सेपियन्स ही जात जगात येऊन साधारण ३ लाख वर्षं झाली, आणि भारतात ती पोचली त्याच्याही बरीच नंतर. तेव्हा कऱ्हेकाठी बसून दगडाचे छिलके उडवणारा हात माणसाचाच होता, पण बहुधा आपल्या जातीच्या माणसाचा नव्हता.

त्या गावातली दहावीची मुलगी राज्य मंडळाचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ उघडते, तेव्हा पहिलाच धडा येतो ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. त्यात लामार्क आहे, डार्विन आहे, जीवाश्म आहेत, अक्कलदाढ आणि माकडहाडासारखी अवशेषांगं आहेत, मानवाची उत्क्रांतीही आहे. बारामती शहरात सीबीएसईच्या शाळेत जाणाऱ्या तिच्या मामेबहिणीच्या पुस्तकात, २०२३ च्या छपाईपासून, धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ असं उरलं. करोनानंतर मुलांचं ओझं कमी करायचं म्हणून एनसीईआरटीनं पुस्तकांना कात्री लावली, त्यात उत्क्रांतीचा भाग गेला. आवर्तसारणीही दहावीतून गेली. एप्रिल २०२३ मध्ये ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या पुढाकारानं १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी याविरुद्ध पत्र काढलं. त्यावर सरकारी उत्तर असं आलं, की उत्क्रांती कुठे गेलेली नाही, बारावीच्या जीवशास्त्रात आहेच.

उत्तर खोटं नाही, पण बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत पोचतं कोण? आपल्याकडे दहावीनंतर वाटा फुटतात. कुणी आयटीआयला जातं, कुणी डिप्लोमाला, कुणी कॉमर्स घेतं. सायन्सला गेलेल्यांतही इंजिनिअरिंगवाले जीवशास्त्राला रामराम ठोकतात. सगळ्या मुलांनी एका बाकावर बसून सजीवांविषयी शिकण्याचा शेवटचा वर्ग दहावीचा. तिथून काढून बारावीत ठेवलेली गोष्ट बहुसंख्यांच्या दृष्टीनं काढूनच टाकलेली असते. पुढे जाऊन गावचा सरपंच, सोसायटीचा चेअरमन, पोलीस किंवा शाळेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य होणारा मुलगा बहुधा या बहुसंख्यांतलाच असतो.

हे सांगायची घाई आत्ताच का, तर राज्य मंडळाच्या शाळांमध्ये टप्प्याटप्प्यानं सीबीएसईच्या धर्तीचा अभ्यासक्रम आणण्याचं महाराष्ट्र सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलं. सुरुवात पहिलीपासून झाली. दहावी शेवटच्या टप्प्यात येते. पुस्तकं बालभारतीचीच राहतील असं सांगितलं गेलं आहे. धर्ती घेताना कात्रीही आपोआप येणार का, हा प्रश्न खुला आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

अमेरिकेत या विषयावर खटले चालले. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवली म्हणून दंड झाला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळांत ‘बुद्धिमान रचने’च्या नावानं निर्मितीवाद, म्हणजे सृष्टी देवानं घडवली हे मत, आणू पाहणाऱ्या शाळा मंडळाला न्यायालयानं रोखलं. तिथे दोन बाजू एकमेकींसमोर उभ्या तरी राहिल्या. आपल्याकडे तसं होत नाही. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेनं जाते, बेलवाडीला रिंगण होतं. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा या वाटेवरच्या प्रत्येक माणसानं कीर्तनात ऐकलेला आहे. मुंगीशी आणि माकडाशी नातं सांगितलं म्हणून इथे कुणाच्या भावना दुखावत नाहीत. उलट ‘आमच्या दशावतारात हे आधीच आहे’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, की झाला डार्विन.

ही सहज मिळणारी संमती मला विरोधापेक्षा जास्त घातक वाटते. दशावतार काय, योनींचा फेरा काय, दोन्हींत एक शिडी आहे आणि वरच्या पायरीवर माणूस आहे. उत्क्रांतीत शिडीच नाही. तिथे फांद्या आहेत, आणि माणूस ही त्यातली एक, तीही अलीकडची. माकडापासून माणूस झाला असं डार्विन म्हणाला, हा समज या शिडीतूनच येतो. प्रत्यक्षात म्हणणं एवढंच आहे, की माकडांचे आणि आपले पूर्वज एक होते. हा फरक कळला नाही की काय होतं, ते जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला दिसलं. केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह, एकेकाळचे मुंबईचे पोलीस आयुक्त आणि रसायनशास्त्राचे पदवीधर, म्हणाले की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे डार्विन चूक, आणि अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. सिंह यांचे वरिष्ठ मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर, यांनी अशी विधानं टाळा असं त्यांना सांगितलं. प्रकरण मिटलं. पाच वर्षांनी धडा गेला तो मात्र कुठल्याही भाषणाविना, ‘ओझं’ या निरुपद्रवी कारणानं. दोन्हींचा संबंध होता असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण भाषणाला उत्तर देता येतं, कात्रीला देणं अवघड जातं, एवढं खरं.

महाराष्ट्रात सृष्टीच्या उत्पत्तीचा खरा वाद पृथ्वीच्या वयावरून कधीच नव्हता. तो माणूस कुठल्या अवयवातून जन्मला यावरून होता. बारामतीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातलं खानवडी हे फुल्यांच्या घराण्याचं गाव. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा ब्रह्मदेवाच्या मुखातून ब्राह्मण आणि पायातून शूद्र जन्मले या कथेला त्यांनी थेट शरीरशास्त्राचे प्रश्न विचारले आणि ती हास्यास्पद करून सोडली. मत्स्य, कच्छ, वराह हे त्यांच्या लेखी बाहेरून आलेल्या टोळ्यांचे म्होरके होते. त्यांचा तो इतिहास आज जसाच्या तसा कुणी मान्य करणार नाही, पण त्यांनी नेम बरोबर ठिकाणी धरला होता. सगळी माणसं एकाच जातीची, एकाच पूर्वजांची, हे पाठ्यपुस्तकात पुराव्यासह सांगणारा धडा हाच. ज्या समाजात ‘जात’ विचारल्याशिवाय सोयरीक जुळत नाही, तिथे तो कुणाला ओझं वाटावा, हे मला तरी पटत नाही.

आता दुसरी बाजू. राज्य मंडळानं धडा ठेवला म्हणून आपण फार शेखी मिरवू नये. तो शिकवला कसा जातो? ‘पेरिपॅटस हा ॲनेलिडा व संधिपाद प्राण्यांना जोडणारा दुवा आहे, शास्त्रीय कारण लिहा.’ लेखी पेपर ४० गुणांचा, त्यात हे दोन गुण, आणि गाईडमधलं उत्तर पाठ. पेरिपॅटस शेजारच्या इंदापूर तालुक्यातल्या मुलानं पाहिलेला नाही आणि बहुधा पाहणारही नाही. त्याच्या दारातलं मात्र सगळं राहून जातं.

दारात ऊस आहे. त्याचे वडील बेणं आणताना ८६०३२ मागतात. हा वाण संकरातून आला, आणि भारतातल्या संकरित उसाची सुरुवातच कोइमतूरला ऊस आणि कास नावाचं रानटी गवत यांच्या संकरानं शंभर वर्षांपूर्वी झाली. शेतातला ऊस कांडीपासून लावतात, त्यामुळे त्या वाणाच्या लाखो एकरांवरचं प्रत्येक बेट एकमेकाची हुबेहूब नक्कल असतं. विविधता नाही, म्हणजे रोगाला अडवणारं काही नाही. उत्तर प्रदेशात को ०२३८ या वाणानं साखरेचा उतारा वाढवला, भाग जवळजवळ पूर्ण व्यापला, आणि मग लाल कूज रोगाच्या बुरशीचा नवा प्रकार उद्भवून त्याच वाणाला भारी पडला. तो ऊस बदलण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली. ही उत्क्रांती आहे, आणि ती कुणी पाहिली नाही असं म्हणता येणार नाही. बोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला डार्विन माहीत नसेल, पण डावणी रोगावर एकच औषध सारखं मारलं की पुढे ते चालेनासं होतं, हे त्याला पक्कं माहीत असतं. नैसर्गिक निवड याहून वेगळी नाही: फवारणीतून वाचलेल्या थोड्या बुरशीचीच पुढची पिढी होते.

उजनीच्या पाण्यावर, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला, रोहित पक्षी येतात. शाळांच्या सहली त्यांना बघायला जातात, फोटो निघतात, चिलापीचं जेवण होतं. रोहित मान खाली घालून चोच उलटी करून पाण्यातलं बारीक खाद्य गाळतो. बहुतेक पक्ष्यांत खालची चोच पातळ असते. याची खालची चोच जाड, खोल पन्हळीसारखी, आणि वरची झाकणासारखी. उलटं खाणाऱ्या पक्ष्याची चोचही उलटी का झाली, एवढा एक प्रश्न नावेत बसल्या बसल्या विचारला तर पेरिपॅटसच्या दोन गुणांपेक्षा जास्त काम होईल. असे प्रश्न विचारणारे शिक्षक बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आहेत, पण परीक्षा त्यांच्या बाजूनं नाही.

तेव्हा धडा नुसता वाचवून भागणार नाही, आणि न वाचवता तर काहीच भागणार नाही. दहावीची नवी पुस्तकं व्हायची आहेत. बालभारतीचं कार्यालय पुण्यातच, सेनापती बापट रस्त्यावर आहे. बारामती आणि इंदापूरच्या विज्ञान शिक्षकांनी आणि पालकांनी तिथे दोन मागण्या लेखी पाठवाव्यात: उत्क्रांती दहावीतच राहावी, आणि त्या धड्यात मोरगावची हातकुऱ्हाड यावी.